शनिवारची सोबत

७ जून २०२५, शनिवार. सनीव्हेल

ही वही माझ्या सुनेने दिली. "बाबा, आमच्यावर ओरडता ते यात ओरडा," असं निधी हसत म्हणाली, पण मनापासून म्हणाली. परीक्षितने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, लॅपटॉपमधून मान वर न काढता "गुड आयडिया" म्हणून अनुमोदन दिलं. नागपूरला वीज मंडळात असताना माझ्या एका ओरडण्यावर सबस्टेशनं चालायची. इथे येऊन मी वहीत ओरडायचं. ठीक आहे, ओरडतो.

आज सकाळी बागेत एक म्हातारे गृहस्थ बाकावर टेकले होते. डोक्यावर विणलेली छोटी गोल टोपी. त्यांची मुलगी समोर उभी राहून चक्क मराठीत सांगत होती, "बाबा, टोपी काढा आणि खिशात ठेवा. इथे नको." मराठी ऐकून मी थांबलोच. म्हाताऱ्याने टोपी काढली, नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. शाळेत मास्तरांनी पोराला चिंचा खिशात ठेवायला सांगाव्यात तसं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ मध्ये जाऊन विचारलं, "का काढायची टोपी? कुणाच्या बापाची बाग आहे?"

मुलगी दचकली, मग मराठी ऐकून जरा सैलावली. नाओमी झिराडकर. इथे चिपच्या कंपनीत इंजिनिअर आहे. वडील हॅनॉक झिराडकर, वय एक्याऐंशी, मूळचे अलिबागकडचे, जन्म गेला ठाण्याच्या शाळेत गणित शिकवण्यात. बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू. शनिवारी हे लोक गाडीत बसत नाहीत, म्हणून सिनेगॉगला प्रार्थनेसाठी चालत जातात. त्या परतीच्या वाटेवर होते.

"काका, तुम्ही न्यूज बघत नाही का? कुठेकुठे अटॅक झालेत आमच्या लोकांवर. मागच्या वीकमध्ये बाबांना कोणीतरी गाडीतून ओरडून शिवी दिली. तिकडे युद्ध चाललंय त्याची शिवी यांना! यांनी आयुष्यात पोरांच्या वह्यांवर लाल शेरे मारले, दुसरं काही केलं नाही. सिनेगॉगमध्ये माणसं यायची बंद झालीत. म्हाताऱ्यांसोबत चालायला व्हॉलंटिअर हवेत, गेटवर उभे राहायला हवेत. कोण येतंय?"

"मी येतो," मी म्हटलं.

म्हातारा पहिल्यांदा बोलला. "तुला गुडघे बरे आहेत ना? पाऊण तास चालायला लागतं."

मला अरे-तुरे करणारा माणूस भेटून किती वर्षं झाली कोण जाणे. बरं वाटलं.

८ जून

बरं वाटलं ते परीक्षितने एका दिवसात उतरवलं. "बाबा, यू कान्ट बी सीरियस. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात, माझं ग्रीन कार्ड अडकलंय, आजकाल सगळं चेक करतात. कुठल्या फोटोत आलात तर? आणि हा दोन्ही बाजूंनी पेटलेला विषय आहे, यार!"

मी म्हटलं, म्हाताऱ्यासोबत चालणं हा विषय कधीपासून झाला?

निधी हळूच म्हणाली, "बाबा, आणि गाझातल्या मुलांचं काय?" तिचा प्रश्न चुकीचा नाही. मला त्या मुलांचे फोटो बघवत नाहीत, आणि ज्यांना बघवतात त्यांचा मला राग येतो. पण गाझात माझा हात पोचत नाही. या रस्त्यावर पोचतो. असं मी सांगितलं. ती भांडी आवरायला लागली. परीक्षित मात्र "तुम्ही ऐकणारच नाही" म्हणून उठून गेला. शेपूट घालून जगायचं हे मी तरी त्याला शिकवलेलं नाही.

१४ जून, शनिवार

व्हॉलंटिअरचं नारिंगी जाकीट मिळालं. ते घातलं की मी विमानतळावर विमानाला दिशा दाखवणारा वाटतो.

कालपासून इस्रायल आणि इराणची जुंपली आहे. झिराडकरांचा धाकटा भाऊ मेनाशे तिकडे दिमोनाला असतो. घरी जाऊन म्हाताऱ्याला घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. तिकडे रात्रभर सायरन वाजत होते म्हणे. शनिवारी फोनला हात लावायचा नाही, त्यामुळे आज काही कळायचंही नाही.

पहिल्याच सिग्नलला हे उभे राहिले ते राहिलेच. दिवा बदलेना. मी म्हटलं, अहो बटण दाबा की. ते आभाळाकडे बघत म्हणाले, "शब्बाथला, शनिवारी, विजेचं बटण दाबत नाहीत. आणि दुसऱ्याला दाब म्हणून सांगतही नाहीत." मग करता काय दर शनिवारी? "कोणीतरी येतं."

मी सगळा जन्म विजेतच काढला. दाबलं बटण. पुढचे सगळे सिग्नल मीच दाबले आणि दर वेळी झिराडकर आभाळाकडेच बघत राहिले. मला इतकं हसू आलं! माझी बायको, शोभना, गेल्यानंतर रस्त्यात मोठ्याने हसल्याचं आठवत नाही.

गेटवर उन्हात उभा राहिलो. आत माणसं मोजकीच. बेने इस्रायलींचं दुसरं एक कुटुंब यायचं, तेही भीतीने बंद झालं. बाकी सगळे गोरे. एका गाडीने जाताजाता हॉर्न दाबून धरला आणि काच खाली करून काहीतरी घाण ओरडून गेली. मी मराठीत उत्तर दिलं. नागपूरचं खास. गाडी थांबली असती तर बरं झालं असतं.

१६ जून

मेनाशे गेला.

बॉम्बने नाही. सायरन झाला, जिन्याने तळघरात उतरताना पडला, छाती धरली आणि तिथेच संपला. त्याची मोजदाद कुठल्याही बातमीत होणार नाही. विमानं बंद, त्यामुळे हॅनॉकना जाता येत नाही. आज त्यांनी धाकट्या भावाला मातीत ठेवताना मोबाइलवर पाहिलं. मध्येच चित्र अडकलं. फावडं हवेत आणि चित्र अडकलेलं. नाओमी फोन हलवत होती, जणू हलवून काही होणार होतं.

मी त्यांच्या शेजारी बसून होतो. मला उठून बाहेर जावं लागलं. शोभनाच्या वेळी नागपूरला हेच झालं. करोनाची लाट, प्लास्टिकमध्ये बांधलेली ती, घाटावर मी आणि पालिकेचा माणूस, आणि परीक्षित इकडून फोनवर. "बाबा, कॅमेरा जरा वर करा" म्हणाला होता. तो विषय इथे नको.

त्यांच्याकडेही दुखवट्याला गेलं की निघताना "येतो" म्हणत नाहीत. आपल्यासारखंच. मी नुसता उठलो आणि चप्पल घातली.

१८ जून

नाओमीने समजावून सांगितलं. गेलेल्या माणसासाठी जवळच्या नातलगाने उभं राहून एक प्रार्थना म्हणायची. कद्दिश. भावासाठी महिनाभर म्हणायची. पण ती एकट्याने म्हणता येत नाही, दहा ज्यू पुरुष हजर लागतात. आणि या छोट्या सिनेगॉगमध्ये माणसं जमतात ती फक्त शनिवारी.

"मग दुसरीकडे न्या ना त्यांना, मोठ्या सिनेगॉगला!"

"एकदा नेलं होतं, काका. दारातच विचारलं, तुम्ही नक्की कोण? इंडियन ज्यू म्हणजे काय? बाबा म्हणाले, पुन्हा तिथे पाय ठेवणार नाही."

"बरं, मग बायका मोजा. तुम्ही पाच-सहा जणी असताच की."

"काही ठिकाणी मोजतात. आमच्या इथे नाही. बाबांना ते चालतही नाही."

काय एकेक नियम! तिकडे माणसं मरताहेत आणि इकडे यांची हजेरी पूर्ण होईना. मी तिच्या तोंडावर सांगितलं की हा शुद्ध मूर्खपणा आहे. ती म्हणाली, "असेल. पण त्यांना दुसरं काही करता येत नाहीये."

२१ जून, शनिवार

आठच आले. झिराडकर पुस्तक उघडून बसले होते, ते मिटून बाहेर आले. येताना ते आभाळाकडेही बघत नव्हते. मी बटणं दाबत होतो.

२२ जून

आमच्या बागेतल्या रिटायर मंडळींना माझ्या जाकिटाचं कळलं. त्यांच्यातल्या गुरुनाथने पाठीवर थाप मारली. "शाब्बास! बरोब्बर बाजू निवडलीस. त्या लोकांना असंच ठेचायला पाहिजे." मग मोबाइलवर पडलेल्या इमारतींचे व्हिडिओ दाखवायला लागला. खाली टाळ्यांची चित्रं. मी म्हटलं, त्या इमारतीत कुणाची तरी आई स्वयंपाक करत असेल, टाळ्या कसल्या वाजवतोस? तर म्हणे मी भावनाप्रधान आहे. दुसऱ्या बाकावरच्या दोघांनी मला बघून तोंड फिरवलं, कारण त्यांच्या मते मी बॉम्ब टाकणाऱ्यांचा चाकर. एकाला मी त्याच्या बाजूचा वाटतो म्हणून मला राग, दुसऱ्याला मी त्याच्या बाजूचा वाटत नाही म्हणून त्याला राग. उद्यापासून दुसऱ्या बागेत जाणार.

झिराडकरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मी टीव्ही बंद ठेवतो. कुणाचीही मुलं दिसली की मला वर्ग आठवतो."

२८ जून, शनिवार

आज मी एक चांगलं काम केलं आणि आज मला कुणावरही राग नाही.

लॅरी म्हणून एक उंच, पोक काढलेला अमेरिकन तिथली सगळी व्यवस्था पाहतो. माणसं मोजताना तो आकडे म्हणत नाही. माणसं मोजणं अशुभ, म्हणून दहा शब्दांची एक ओळ आहे, तिचा एकेक शब्द एकेका डोक्यावर ठेवत जायचा. मी दारातून बघत होतो. शेवटचा शब्द त्याच्या तोंडात राहिला, डोकं उरलं नव्हतं. झिराडकर पहिल्या रांगेत, पुस्तकात नाक घालून. त्यांच्या खांद्यांकडे पाहून मला कसंतरी झालं.

लॅरी गेटवर आला. आतापर्यंत आमचं "गुड मॉर्निंग" पलीकडे बोलणं नव्हतं. म्हणाला, "तू हॅनॉकच्या लोकांपैकीच ना? ज्यू आहेस ना?"

मी म्हटलं, "येस."

अगदी सहज निघालं. त्याने खोक्यातून एक टोपी दिली, मी जाकीट काढून मागच्या रांगेत उभा राहिलो. नाओमी बायकांच्या बाजूला पडद्याआड होती, तिला दिसण्याचा प्रश्न नव्हता. आणि मग झिराडकर उठले. आवाज आधी फुटला, मग सापडला. मला एक अक्षर कळलं नाही. बाकीच्यांबरोबर आमेन मात्र मी दणदणीत म्हटलं. मेनाशेला मी पाहिलेलं नाही, पण माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

कोणाचं काय गेलं? एका म्हाताऱ्याचं मन शांत झालं. देव असलाच तर तो काय माझं जातप्रमाणपत्र तपासणार आहे?

त्याच दिवशी, संध्याकाळी

वरचं दुपारी घाईत लिहिलं. वाटेत काय झालं ते लिहायचं टाळलं होतं. पण टाळून राग जात नाही.

येताना झिराडकर खुशीत होते. मेनाशे लहानपणी चवलीपावली गिळायचा वगैरे सांगत होते. सिग्नलला विचारलं, "दहावा कोण रे आला शेवटी? मला मागचं दिसत नाही."

मला वाटलं हसतील. मी सांगितलं.

दिवा बदलला, माणसं पलीकडे गेली, हे हललेच नाहीत.

"तू खोटं बोललास?"

"तुमच्यासाठी बोललो."

"माझ्यासाठी नाही. मेनाशेच्या नावावर बोललास." इतकं हळू म्हणाले की गाड्यांच्या आवाजात मला वाकावं लागलं. "आता मला तुझी सोबत नको. जा."

म्हणजे? पाऊण तास जाताना, पाऊण तास येताना, उन्हात उभं राहून शिव्या खायच्या, घरी मुलाशी वैर घ्यायचं, आणि वर हे? मी म्हटलं, ठीक आहे, तुमचे नियम तुम्हाला लखलाभ. ते पुढे गेले. पुढच्या सिग्नलला पुन्हा उभे. मी मागेच होतो. माझा हात बटणाकडे गेला नाही. मुद्दाम नाही दाबलं. शेवटी एक बाई कुत्रं घेऊन आली, तिने दाबलं.

१ जुलै

नाओमी घरी आली. मला वाटलं, वडिलांच्या वतीने माफी मागायला. निधीने चहा टाकला. नाओमी बसलीसुद्धा नाही.

"काका, बाबांनी रविवारी स्वतः लॅरीला फोन करून सांगितलं. तो दहावा माणूस ज्यू नव्हता, तेव्हा शनिवारचं कद्दिश धरू नका."

"स्वतः सांगितलं? कशाला?"

"कारण ते खरं होतं! आणि माहितेय लॅरी काय म्हणाला? म्हणाला, मग तुमच्याबद्दल आम्हाला कसं कळणार? तुम्ही सगळे सारखेच दिसता, सारखंच बोलता. आईवडिलांच्या लग्नाचा करार आणून दाखवा म्हणाला. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला!" तिचा आवाज चिरकला. "आमचे लोक इस्रायलला गेले ना, साठच्या दशकात, तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी हेच विचारलं होतं. लग्न करायचं असेल तर आधी आजीची आजी कोण ते सिद्ध करा. तुम्ही खरे ज्यू कशावरून? आमची माणसं जेरुसलेमला रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे मान्य झालं. मेनाशेकाका अठरा वर्षांचे होते. ते बसले होते त्या रस्त्यावर. आणि त्यांच्याच कद्दिशला तुम्ही..."

ती तशीच निघाली. चहा तसाच राहिला.

लॅरीची ही हिंमत! माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. खोटं बोललो मी, कागद मागायचे तर माझ्याकडे माग. म्हाताऱ्याकडे मागतोस? येऊ दे शनिवार.

५ जुलै, शनिवार

गेटवरची माणसं इतकी कमी आहेत की मला कोणी नको म्हणालं नाही. नाओमीचा निरोप मात्र होता: बाहेर उभे राहा, आत येऊ नका. झिराडकर तिच्याबरोबर आले आणि माझ्याकडे न बघता आत गेले. मी आत जाणाऱ्या माणसांकडे पाहत होतो. ओळीने येत होते. मी मोजले, सरळ आकड्यांनी. नऊ.

मग लॅरी आला. मी त्याला गेटवरच धरला. जे तोंडाला आलं ते बोललो. इंग्रजी संपलं तेव्हा हिंदीत, हिंदी संपलं तेव्हा मराठीत. रस्त्यातून गाडीतून शिव्या देणाऱ्यांत आणि तुझ्यात काय फरक आहे? ते टोपी काढायला लावतात, तू कागद मागतोस. लाज वाटत नाही? पलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. लॅरी लालबुंद झाला. मला वाटलं उलटून बोलेल, मी तयार होतो. तो मागे फिरला आणि घरी निघून गेला.

मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं.

मग नाओमी दारात आली. तिने रस्त्याकडे पाहिलं, लॅरीची पाठ लांब गेलेली दिसत होती. "काका," ती म्हणाली, "आज दहा होते."

झिराडकर थोड्या वेळाने बाहेर आले. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ओरडणाऱ्याला उत्तर देऊ शकतो.

८ जुलै

शनिवारचा तमाशा कोणीतरी परीक्षितच्या कानावर घातला. आज तो फुटलाच.

"रस्त्यावर भांडता तुम्ही? पोलीस आले असते तर? आणि कोणासाठी? त्या माणसाचा भाऊ गेला, त्याला जाता आलं नाही, तर तुम्ही जमीन-आस्मान एक करता! मलाही नव्हतं येता आलं, बाबा. आईच्या वेळी. फ्लाइट्स बंद होत्या, व्हिसाचं स्टॅम्पिंग बंद होतं. चार वर्षं झाली, तुम्ही माझ्याशी एकदा तरी सरळ बोललात?"

निधीने त्याचा हात धरला. तो हात सोडवून गाडीची किल्ली घेऊन गेला.

आता याचा त्याच्याशी काय संबंध, मला कळलं नाही. कॅमेरा वर करा म्हणाला होता. मी केला होता वर. बोलायचं काय त्यात? रात्री जेवलो नाही. भूक नव्हती.

१२ जुलै, शनिवार

महिना संपत आला, मेनाशेसाठी हा शेवटचा शनिवार.

पुन्हा नऊ. मी गेटवरून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत होतो. अर्धा तास गेला. आत त्यांची इतर प्रार्थना चालू होती, पण मध्येमध्ये कोणीतरी दाराशी येऊन डोकावून जायचं. लॅरी येणार नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. का येणार नव्हता, हेही.

फोन करून उपयोग नाही, शब्बाथला तो उचलणार नाही. घर कुठे ते सिनेगॉगमधल्या एका वयस्कर बाईंनी सांगितलं. मी जाकिटासकट निघालो. ऊन रणरणतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळे आपले गाड्यांत. सबंध वाट मला राग येत होता. लॅरीवर, त्यांच्या दहाच्या नियमावर, या गावात कुठेही सावलीला झाडाखाली बाक नाही यावर. आणि शेवटच्या वळणावर बाकी सगळे राग संपले आणि एकच उरला, तो कुणावर होता ते सांगायला नको.

लॅरी पोर्चमध्ये बसला होता. मला बघून उठला. "पुन्हा ओरडायला आलास?"

"हो," मी म्हटलं, आणि खरंच ओरडलो. "आय लाइड! मी! ते नाही. मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो आणि ते पचलंही होतं, कुणाला कळलं नसतं. त्या म्हाताऱ्याला भावाचं कद्दिश फुकटात मिळालं होतं. त्याने गप्प बसायचं, एवढंच. त्यानेच तुला फोन करून ते परत केलं. आणि तू त्याच्याकडे कागद मागतोस? याहून मोठा कागद कुठे छापतात, लॅरी? मला दाखव, मी आणून देतो."

घरातून एक बाई डोकावली, त्याने तिला हाताने आत जायला सांगितलं. मग म्हणाला, "माझी मुलगी तिकडे आहे. हैफाला. महिनाभर मी झोपलो नाहीये. प्रत्येक माणसाकडे बघून वाटतं, हा कोण? हा खोटं तर बोलत नाही? आणि एकदा खरंच कोणीतरी खोटं निघालं."

"सॉरी," मी म्हटलं. हा शब्द मी या वर्षात पहिल्यांदाच वापरला, तोही असा की शिवी वाटावी.

"किती आहेत तिथे?"

"शेवटचा शब्द राहिलाय."

तो आत गेला. मला वाटलं दार लावून घेतलं. मी उभा राहिलो, कारण दुसरं काय करणार. तो बूट घालून, टोपी घालून बाहेर आला. तो पुढे, मी मागे. सिग्नल आला की मी पुढे होऊन बटण दाबत होतो.

तो आत गेला. मी गेट ओढून घेतलं आणि बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो, माझं काम तेच आहे. मागून झिराडकरांचा आवाज आला. या वेळी फुटला नाही. ठाण्याच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जात असेल तसा खणखणीत. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. डोळे मिटता येत नव्हते, ड्यूटीवर होतो.

सुटल्यावर लॅरी आणि झिराडकर दारात उभे राहून काही बोलले. लॅरीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या वाटेने गेला. नाओमी वडिलांना घेऊन गेटशी आली. मी गेट उघडून बाजूला झालो. वाटलं, पुढे जातील.

ते थांबले. "लॅरीला तू आणलास?"

"हो."

"काय सांगितलंस त्याला?"

"खरं ते."

"मग आत का नाही आलास?"

मला कळेना हे काय विचारतात. "तुम्हीच नको म्हणालात. शिवाय दहा झाले होते तुमचे. अकराव्याचं काय काम?"

"अकरावा कोणीही चालतो," झिराडकर म्हणाले. "दहा झाले की मग कोणीही येऊन बसावं. तू पहिल्या दिवसापासून उन्हात का उभा होतास तेच मला कळत नव्हतं."

माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. इतके शनिवार! "मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" मी भर रस्त्यात ओरडलो.

"तू विचारलंस कुठे?" ते म्हणाले, आणि माझ्या दंडाला धरून चालायला लागले.

घर येईपर्यंत मी त्यांच्याशी भांडत होतो. घरी आलो तर परीक्षित सोफ्यावर एकटाच बसला होता. निधी बाहेर गेली होती. चप्पल काढली, त्याच्या समोर बसलो आणि विचारलं, "आईच्या वेळी, त्या दिवशी, तू इकडे फोनसमोर कुठे बसला होतास रे? सोबत कोण होतं तुझ्या?"

त्याने लॅपटॉप बंद केला. आणि सांगायला लागला.